एका तबकडीतले सहा जण : ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या श्रवण-टिपणाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

आमच्या श्रवणमंडळाच्या पावसाळी सत्रासाठी एकाच ध्वनिमुद्रिकेचे सविस्तर मराठी टिपण तयार करण्याचे काम आज सुरू केले. निवडलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आणि त्याच्या ‘हॉट फाइव्ह’ या संचाने २८ जून १९२८ रोजी शिकागोत ओके या तबकडी कंपनीसाठी वाजवलेली ‘वेस्ट एंड ब्लूज’. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावणारे हे सुमारे ३ मिनिटे १७ सेकंदांचे वादन जॅझच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे, त्यामुळे त्याच्याविषयी वाचायला काही कमी नाही. परंतु जे वाचले त्यातील बहुतेक लेखन पहिल्या १२ सेकंदांतील एकट्या ट्रम्पेटवर थांबते आणि उरलेल्या तीन मिनिटांना त्या आरंभाची मागची सावली समजून पुढे जाते.

माझे मत वेगळे आहे आणि टिपणाची मांडणी त्यावरच करायची आहे. ते १२ सेकंद विलक्षण आहेतच. पण त्यांची उंची आपल्याला मोजता येते ती नंतर पाच सहवादक जी जागा धरून ठेवतात आणि जी जागा जाणूनबुजून रिकामी सोडतात तिच्यामुळे. म्हणून प्रत्येक आवर्तनात कोण वाजवतो आहे याबरोबरच कोण थांबला आहे हेही या टिपणात नोंदवले जाईल.

१२ जून २०२५

आज फक्त वेग आणि पट्टी यांचे काम केले. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून केलेल्या निरनिराळ्या प्रतींमध्ये फेऱ्यांचा वेग थोडा थोडा वेगळा असतो, आणि तो बदलला की स्वर, लय आणि आवाजाचा पोत हे तिन्ही एकदमच बदलतात. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी वाजवलेली तबकडी सुमारे ४४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे जवळजवळ पाव स्वराने चढते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण आर्मस्ट्राँगच्या गाण्याचा भाग ऐकताना तो लगेच जाणवतो, कारण आवाज पातळ होतो आणि त्यातला निवांतपणा निघून जातो.

ही रचना ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या बोलण्यात काळी दोन. संचात पियानो असल्यामुळे पडताळा सोपा झाला. ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट वादक फुंकीने स्वर थोडा वर-खाली नेऊ शकतो, पियानोला ती मुभा नसते. हार्मोनियमची काळी दोन धरून पियानोच्या एकट्या आवर्तनाशी प्रती ताडून पाहिल्या आणि जी प्रत सर्वांत जवळ बसली तीच पुढील कामासाठी ठरवली. मूळ आवाजाला नंतर घुमारा जोडून ‘भव्य’ केलेल्या प्रती बाजूला ठेवल्या आहेत. घुमारा आला की वाद्ये बंद होण्याचे नेमके क्षण पुसले जातात, आणि या टिपणाला तेच क्षण हवे आहेत. सुईची खरखर मात्र राहू द्यावी, असे मी सुचवले आहे. ती गाळताना झांजेचा आवाज हमखास बोथट होतो.

लय मिनिटाला साधारण ८५ ते ८८ ठोक्यांची आहे. ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन गीतप्रकाराचे बारा मापांचे (प्रत्येक माप चार मात्रांचे) एक आवर्तन ४८ मात्रांचे होते आणि ते या लयीत सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण होते. रचनेचा आराखडा असा : सुरुवातीचा एकल ट्रम्पेट, मग चार पूर्ण आवर्तने, पाचव्या आवर्तनाची आठ मापे, आणि तेथून निघणारा शेवट.

१५ जून २०२५

वादकांची यादी आज पक्की केली. ट्रम्पेट आणि गायन लुई आर्मस्ट्राँग, ट्रॉम्बोन फ्रेड रॉबिन्सन, क्लॅरिनेट जिमी स्ट्राँग, पियानो अर्ल हाइन्स, बँजो मॅन्सी कार, झांज आणि तालवाद्ये झुटी सिंगलटन. तबकडीवरील संचाच्या नावात पाच हा आकडा आहे आणि वाजवणारे सहा आहेत. हे नाव १९२५ पासूनच्या लौकिकासाठी तसेच ठेवले गेले होते.

यादीत दोन जागी वाचकाचा गोंधळ होणे शक्य आहे, म्हणून तेथे टिपणात स्वतंत्र वाक्ये घालत आहे. पहिली जागा बँजोवादकाची. अनेक सूचींत आणि पुनर्मुद्रित तबकड्यांच्या वेष्टनांवर मॅन्सी कारचे आडनाव ‘कारा’ असे छापले गेले आणि तेच पुढे उतरवले जात राहिले. ज्या माणसाला या तबकडीत एकही एकल वादन मिळालेले नाही, त्याचे नाव तरी नीट छापले जावे, एवढा आग्रह मी धरला आहे.

दुसरी जागा खुद्द ‘हॉट फाइव्ह’ची. १२ नोव्हेंबर १९२५ रोजी शिकागोत पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसलेला संच आर्मस्ट्राँग सोडला तर पूर्णपणे निराळा होता : ट्रॉम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर आर्मस्ट्राँगची पत्नी लिल हार्डिन आर्मस्ट्राँग आणि बँजोवर जॉनी सेंट सिर. ओरी, डॉड्स आणि सेंट सिर हे आर्मस्ट्राँगप्रमाणेच न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेत वाढले होते, जिथे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच वाद्य), क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकमेकांभोवती विणत एकाच वेळी वाजत राहतात. १९२८ च्या संचात न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजात तयार झालेले दोघेच उरतात, आर्मस्ट्राँग आणि सिंगलटन. रॉबिन्सन, स्ट्राँग, कार आणि सिंगलटन हे चौघे कॅरल डिकरसनच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर शिकागोच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये नृत्यासाठी वाजवत असत. हाइन्स त्या सुमारास क्लॅरिनेटवादक जिमी नूनबरोबर अ‍ॅपेक्स क्लबमध्ये होता आणि ध्वनिमुद्रणापुरता इथे आला होता.

याचा परिणाम थेट कानाला कळतो. हे पाच जण रोज रात्री लिहिलेल्या मांडणीतून वाजवणारे किंवा तिच्याशी परिचित असलेले वादक आहेत, आणि एकाने वाजवायचे असेल तेव्हा इतरांनी मागे सरून आधार द्यायचा ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. रॉबिन्सन आणि स्ट्राँग हे ओरी आणि डॉड्स यांच्या तोडीचे एकलवादक नव्हते, असे समीक्षक नेहमी म्हणतात आणि ते खरेही आहे. तरी ‘वेस्ट एंड ब्लूज’ जुन्या संचाकडून अशीच झाली असती असे मला वाटत नाही. डॉड्सचा क्लॅरिनेट आर्मस्ट्राँगच्या दीर्घ स्वराखाली स्वस्थ बसला नसता.

२१ जून २०२५

आज मूळ रचनेकडे वळलो. ही चाल जो ‘किंग’ ऑलिव्हरची. १९२२ मध्ये ज्याने तरुण आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला बोलावून आपल्या शेजारी दुसऱ्या कॉर्नेटवर बसवले आणि ज्याला आर्मस्ट्राँग आयुष्यभर ‘पापा जो’ म्हणत राहिला, तोच हा ऑलिव्हर. १९२३ साली या दोघांनी ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडमधून पहिली ध्वनिमुद्रणे केली. रचनेच्या नावातील वेस्ट एंड म्हणजे न्यू ऑर्लिन्सजवळच्या पाँचरट्रेन सरोवराच्या काठावरचे विहारस्थान, जिथे उन्हाळ्यात गावकरी हवा खायला आणि संगीत ऐकायला जात.

ऑलिव्हरने स्वतः ही रचना आपल्या डिक्सी सिंकोपेटर्स या संचासह ११ जून १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्होकॅलियन कंपनीसाठी मुद्रित केली, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर शिष्याने काय घेतले आणि काय नव्याने घातले हे स्पष्ट होते. चाल तीच आहे, बारा मापांचा सांगाडा तोच आहे आणि संथ लयही घेतली आहे. ऑलिव्हरचे वादन नृत्यासाठी जमलेल्या लोकांना सांभाळून घेणारे, एका पातळीवर टिकून राहणारे आहे आणि त्यात एक समजूतदार गोडवा आहे. त्याला कमी लेखणारे लेखन मला पटत नाही. आर्मस्ट्राँगने त्या चालीभोवती चढ-उतारांची एक वास्तू बांधली, ज्यात प्रत्येक दालनाची उंची वेगळी आहे.

ही दोन्ही ध्वनिमुद्रणे सत्रात याच क्रमाने ऐकवावीत, असा निर्णय झाला.

२९ जून २०२५

आरंभाच्या एकल ट्रम्पेटवर काम केले. इथे ताल नाही, साथ नाही. सहापैकी पाच जण गप्प आहेत. पहिले चार स्वर सुटे, ठाम, प्रत्येकावर स्वतंत्र वजन देऊन येतात आणि ताल नसतानाही त्यांतून तालाची चाहूल लागते. चाल ऐकू येण्यापूर्वीच लय कानात बसते, हे या आरंभाचे मला सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. त्यानंतर स्वरांची गती दुप्पट-तिप्पट होत ओळ वेगाने वर चढते आणि तारसप्तकाच्या धैवताला, म्हणजे वरच्या सी या स्वराला, जाऊन भिडते. तेथे क्षणभर टेकून ती वळणे घेत खाली उतरते. उतरताना ब्लूजचा कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्यातली घसरण अनेकदा कानावर येते, त्यामुळे पुढे येणारे काहीतरी शोकाचे आहे हे आधीच कळते.

उतार संपतो तिथे उरलेला संच पंचमावरची एक ऑगमेंटेड कॉर्ड, म्हणजे वरचा स्वर अर्ध्या स्वराने चढवलेला स्वरमेळ, लांब धरतो. हा क्षण टिपणात ठळक करायचा आहे. या कॉर्डमध्ये बी फ्लॅट, डी आणि एफ शार्प हे स्वर येतात; काळी दोनच्या षड्जावरून पाहिले तर ते पंचम, शुद्ध निषाद आणि कोमल गंधार होतात. ट्रम्पेटने एकट्याने जो कोमल गंधार सूचित केला होता तोच संचाने पहिल्या प्रवेशातच उचलून धरला आहे. कॉर्ड अस्थिर आहे, तिला षड्जावर यायचेच आहे, आणि १५ व्या सेकंदाच्या आसपास पहिले आवर्तन सुरू होते तेव्हा ती येते. आरंभ आणि मुख्य रचना यांच्यामध्ये जो सांधा आहे तो पाच जणांनी मिळून तोलून धरलेला एकच स्वरमेळ आहे, आणि तो ढळला असता तर आधीचे १२ सेकंद नुसते कौशल्यप्रदर्शन ठरले असते.

३ जुलै २०२५

पहिले आणि दुसरे आवर्तन.

पहिल्या आवर्तनात आर्मस्ट्राँग ऑलिव्हरची चाल जवळजवळ जशीच्या तशी मांडतो. नुकताच धैवतापर्यंत जाऊन आलेला वादक इथे मधल्या पट्ट्यात, मोजक्या स्वरांत, सौम्यपणे बोलतो. खाली क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन लांब स्वर धरतात, बँजो मापातील चारही ठोके समान देतो. आवर्तनाच्या उत्तरार्धात ट्रम्पेटची ओळ हळूहळू भरू लागते आणि शेवटी चढत्या स्वरमालिकेने वर जाते, जणू आरंभाची आठवण पुसली जाऊ नये म्हणून.

दुसरे आवर्तन ट्रॉम्बोनचे आहे आणि समीक्षकांनी त्याला सहसा एका वाक्यात निकालात काढले आहे. रॉबिन्सनचे वादन साधे आहे, त्यात मींड आहे, घाई नाही, फार कल्पकताही नाही. पण या आवर्तनाखाली दोन गोष्टी चालू असतात. हाइन्स पियानोवर स्वरांचा सततचा कंप ठेवतो, ज्यामुळे ट्रॉम्बोनमागचा पडदा हलता राहतो. आणि सिंगलटन हातातल्या लहान झांजांच्या जोडीने असा काही टकटकाट करतो की ऐकणाऱ्याला लाकडावर किंवा घोड्याच्या नालावर काहीतरी वाजत असल्याचा भास होतो. आमच्या मंडळातील तबलावादक सहकाऱ्याने हे ऐकून लगेच विचारले की पूर्ण ड्रमसंच असताना माणूस एवढेच का वाजवतो.

याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात आहे. मायक्रोफोन येण्यापूर्वी वादक कर्ण्यासमोर बसत आणि आवाजाच्या दाबानेच सुई मेणात रेघ कापत असे. मोठ्या ढोलाच्या आघाताने ती रेघ बिघडण्याचा धोका असल्यामुळे ड्रमवादकाला ठोकळे, झांजा अशा हलक्या वस्तूंवर भागवावे लागे. १९२५ च्या मूळ ‘हॉट फाइव्ह’मध्ये ड्रमवादकच नव्हता. १९२८ पर्यंत ओके विजेच्या साहाय्याने मुद्रण करू लागली होती, तरी स्टुडिओतले सावधपणाचे वळण गेले नव्हते. सिंगलटनने त्या मर्यादेतून स्वतःचा एक आवाज काढला. सबंध तबकडीत त्याला ठळकपणे ऐकण्याच्या जागा फार थोड्या आहेत आणि त्यांतली ही सर्वांत लांब आहे.

६ जुलै २०२५

तिसरे आवर्तन, १ मिनिट २४ सेकंदांपासून. क्लॅरिनेट आपल्या खालच्या, गडद पट्ट्यात एक छोटे वाक्य म्हणतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांविना, नुसत्या अक्षरांनी त्याला आवाजाने उत्तर देतो. फेब्रुवारी १९२६ मध्ये ‘हीबी जीबीज’मध्ये त्याने अशाच निरर्थक अक्षरांच्या गाण्याने लोकांना चकित केले होते, पण त्या गाण्यात खट्याळपणा होता. इथे आवाज हळू आहे, माइकच्या जवळ आहे, आणि पहिल्या एक-दोन उत्तरांत तो क्लॅरिनेटचे वाक्य जवळजवळ तसेच परत करतो. नंतर उत्तरे लांबत जातात, सजतात, आणि आवर्तन संपेपर्यंत आवाज पुढे गेलेला असतो व क्लॅरिनेट त्याला आधार देत असतो.

जिमी स्ट्राँगने इथे केलेली गोष्ट कोणत्याही वादकाला अवघड वाटावी अशी आहे. त्याने आपले वाक्य मुद्दाम साधे ठेवले. त्यात एकही अलंकार जास्त असता तर उत्तर देणाऱ्याला उरलेच नसते काही. मैफलीत साथीचा गायक मुख्य गायकासाठी जशी जागा सोडतो, तशी ही सोडलेली जागा आहे. मायक्रोफोनचा उपयोगही इथे फार चांगला झाला आहे. कर्ण्याच्या काळात एवढ्या हळू गायलेला आवाज क्लॅरिनेटबरोबर समतोलात टिपणे कठीणच गेले असते.

१३ जुलै २०२५

चौथे आवर्तन अर्ल हाइन्सचे, १ मिनिट ५९ सेकंदांच्या सुमारास सुरू होते आणि इथे पुन्हा पाच जण थांबलेले आहेत. आरंभी ट्रम्पेट एकटा होता, आता पियानो एकटा आहे. ही सममिती मी आधी कधी लक्षपूर्वक ऐकली नव्हती आणि आराखडा कागदावर मांडल्यावर ती डोळ्यांसमोर आली.

हाइन्सच्या वादनाचे बारा मापांत तीन भाग पडतात. पहिल्या चार मापांत डावा हात बँजो आणि झांज यांची उणीव भरून काढत स्थिर चालतो आणि उजवा हात वर हलक्या, झरझर ओळी काढतो. मधल्या चार मापांत तोच उजवा हात एकदम सप्तकांच्या जोड्यांनी, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी दाबत, ठसठशीत बोलू लागतो. शेवटच्या चार मापांत पुन्हा नाजूकपणा येतो. मधल्या भागातील सप्तकांची ही पद्धत हाइन्सने वाद्यवृंदाच्या गलक्यातून पियानो ऐकू जावा म्हणून घडवली होती आणि तिला लोक ‘ट्रम्पेट-शैली’ म्हणू लागले, कारण त्यात ट्रम्पेटसारखी एकेरी, छेद देणारी ओळ उमटते.

अर्ल हाइन्स त्या वेळी चोविशीत होता. पेनसिल्व्हेनियातील ड्यूकेनचा हा मुलगा शास्त्रोक्त पियानो शिकून आला होता आणि शिकागोत त्याला ऐकणाऱ्यांच्या तोंडी आणखी एका पियानोवादकाचे नाव असे : टेडी वेदरफर्ड. मे १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या व्हेंडोम थिएटर वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रण केले तेव्हा कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग आणि पियानोवर वेदरफर्ड होता. त्याच वर्षी वेदरफर्ड आशियात निघून गेला. शांघायमध्ये बरीच वर्षे काढल्यावर तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, नंतर कलकत्त्यात स्थिरावला आणि १९४५ मध्ये तेथेच कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. ज्या शिकागोने हाइन्सला घडवले त्या शिकागोचा एक पियानो अशा रीतीने मुंबईतल्या नाचघरात ऐकला गेला आणि त्याच्या भोवती गोव्याच्या वादकांची एक पिढी जॅझ वाजवत वाढली. वेदरफर्डसाठी टिपणात एक छोटा परिच्छेद ठेवत आहे. आमच्या श्रोत्यांना या तबकडीचा मुंबईशी असलेला हा धागा ठाऊक असायला हवा.

१४ जुलै २०२५

कालच्या नोंदीला पुरवणी. याच दोघांचे, म्हणजे आर्मस्ट्राँग आणि हाइन्स यांचे, ५ डिसेंबर १९२८ रोजी मुद्रित झालेले ‘वेदर बर्ड’ हे युगुलवादन ऐकले. त्यात ते एकमेकांना आव्हान देतात. ‘वेस्ट एंड ब्लूज’मध्ये ते एकमेकांची वाट पाहतात. ते ऐकवण्याचा मोह आवरून सत्र एकाच रचनेपुरते ठेवावे, असे ठरले.

२० जुलै २०२५

शेवटचे आवर्तन आणि अखेर. ज्याच्यासाठी हे सगळे काम हाती घेतले तो भाग आज लिहून झाला.

२ मिनिटे ३३ सेकंदांच्या आसपास पियानोचे आवर्तन संपते आणि आर्मस्ट्राँग वरचा बी फ्लॅट, म्हणजे तारसप्तकातील पंचम, धरतो. तो जवळजवळ चार मापे, म्हणजे पंधरा-सोळा मात्रा, एकच स्वर धरून ठेवतो. या लयीत ते सुमारे दहा-अकरा सेकंद होतात. स्वर निश्चल नाही. त्याचा कंप हळूहळू वाढतो आणि आवाज भरत जातो. मुख्य म्हणजे स्वर तोच राहिला तरी त्याचा अर्थ बदलतो, कारण खाली बाकीचा संच पुन्हा एकत्र आलेला आहे आणि कॉर्ड पुढे सरकत आहेत. क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन चालीचे सूर देतात, बँजो ठोका सोडत नाही, आणि वर एक माणूस एकाच स्वरावर उभा आहे. पाच जणांची हालचाल काढून घेतली तर ही केवळ दमसासाची परीक्षा उरेल.

पाचव्या मापावर स्वर सुटतो आणि एक उतरती, वळणदार आकृती येते, ती पुन्हा येते, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी ती ठोक्याच्या किंचित मागे-पुढे पडते, त्यामुळे तीच असूनही तीच वाटत नाही. साठवलेला ताण सोडून देण्याची ही पद्धत इतकी संयत आहे की आठवे माप संपते तेव्हा अजून बरेच काही येणार असे कानाला वाटत राहते.

येते ते अनपेक्षित. आवर्तनाची शेवटची चार मापे संच पूर्ण करतच नाही. हाइन्स एकटा, तालाबाहेर, वरून खाली उतरणाऱ्या नाजूक कॉर्डची एक साखळी वाजवतो. आरंभी तालाविना ट्रम्पेट होता, शेवटाकडे तालाविना पियानो आहे. त्यानंतर आर्मस्ट्राँग अगदी सौम्य, जवळजवळ बोलण्यासारखी एक ओळ घेतो, बाकीचे त्याच्याखाली हलकेच स्वर धरतात, आणि सर्वांत शेवटी सिंगलटनच्या झांजेचा एक छोटासा ठक असा आवाज येतो. काही श्रोत्यांना हा ठक गंभीर शेवटावर विसंगत वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण या संचाने इतका वेळ ज्याला सर्वांत कमी बोलू दिले त्याच्या हातून रचना बंद होते.

या प्रकल्पातील माझे म्हणणे या आवर्तनावर उभे आहे, म्हणून ते टिपणात असे लिहिले आहे : आर्मस्ट्राँगने या तबकडीत एकलवादकाला जॅझच्या मध्यभागी आणले, हे खरेच, पण तो मध्यभाग इतर पाच जणांनी रिंगण मोकळे ठेवल्यामुळे तयार झाला, आणि नृत्यवृंदात अंगी बाणलेल्या त्यांच्या शिस्तीला याचे श्रेय द्यायला हवे. हाइन्सने पुढे सांगितले होते की तबकडी हाती आल्यावर तो आणि आर्मस्ट्राँग दीड-दोन तास ती पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसले, कारण ती एवढी चांगली होईल याची दोघांनाही कल्पना नव्हती.

२७ जुलै २०२५

नंतरच्या प्रभावाविषयीचा भाग मुद्दाम आटोपशीर ठेवला. जानेवारी १९२९ मध्ये ऑलिव्हरने ही रचना व्हिक्टर कंपनीसाठी पुन्हा मुद्रित केली तेव्हा त्याच्या संचातील लुई मेटकाफने आर्मस्ट्राँगचा आरंभ ट्रम्पेटवर उतरवून वाजवला. गुरूने शिष्याची भर स्वीकारल्याचे इतके थेट उदाहरण क्वचित मिळते. दोन दशकांनंतर, १९४९ च्या नाताळात कार्नेगी हॉलमध्ये, चार्ली पार्करने आपल्या एकल वादनात हाच आरंभ सॅक्सोफोनवर गुंफला. १९७४ मध्ये या ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीचा उल्लेख घालण्याची सूचना केली. तो घातला आहे, पण काळजीपूर्वक शब्दांत. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या त्या तबकडीवर आर्मस्ट्राँगचे ‘मेलँकली ब्लूज’ आहे, ‘वेस्ट एंड ब्लूज’ नव्हे, आणि ते १९२७ च्या ‘हॉट सेव्हन’ या वेगळ्या संचाचे आहे. त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, त्यामुळे आमच्या श्रोत्यांना या उल्लेखाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

गोव्याचाच आणखी एक धागा इथे एका वाक्यात येतो. आल्डोनाचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवताना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला गेला आणि पुढे त्याने संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर हिंदी चित्रपटांसाठी काम केले. मराठी श्रोत्यांच्या कानांवर आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटची छाया अशा वाटेने नकळत पडलेली आहे.

२ ऑगस्ट २०२५

टिपणाचा अंतिम मसुदा छपाईसाठी दिला. वादकांची नावे प्रचलित सूचींप्रमाणे मुख्य वादकापासून खाली न लावता आवर्तनांतील प्रवेशाच्या क्रमाने लावली आहेत : आर्मस्ट्राँग, रॉबिन्सन, स्ट्राँग, हाइन्स, आणि ज्यांना स्वतंत्र आवर्तन नाही ते कार आणि सिंगलटन, त्यांच्या नावांपुढे ते नेमके कोठे ऐकू येतात याच्या वेळांसह. सत्रात आधी ऑलिव्हरची व्होकॅलियन तबकडी, मग आर्मस्ट्राँगची, थोड्या चर्चेनंतर पुन्हा आर्मस्ट्राँगची, असा क्रम राहील. दुसऱ्यांदा ऐकवताना श्रोत्यांनी ट्रम्पेटकडे लक्ष न देता फक्त बँजोचा माग ठेवावा, आणि तो कोठे थांबतो व कोठे परत येतो हे टिपणाच्या समासात लिहावे, अशी सूचना पहिल्या पानावर छापली आहे. सभागृहातल्या ध्वनियंत्रणेवर खालचे स्वर फार वाढवू नयेत, हे यंत्रणा सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला कळवले आहे. ते वाढले की मॅन्सी कार सर्वांत आधी दिसेनासा होतो.